आधी मेंबरमध्ये लिहा, मग लोड करा

आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर सेटप्रॉग कमांडने एपीएफ यादीत (विशेष अधिकार दिलेल्या प्रोग्रॅम-लायब्ररींच्या यादीत) लायब्ररी घातली की काम लगेच सुरू होतं, पण ती नोंद फक्त मेमरीत असते. पुढच्या आयपीएलला, म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू करताना, गायब. म्हणून मी उलटा क्रम धरतो: आधी पार्मलिब या सिस्टिमच्या सेटिंग्जच्या लायब्ररीतल्या प्रॉग०५ मेंबरमध्ये (मेंबर म्हणजे लायब्ररीतली एक फाइल) ओळ लिहायची, मग कन्सोलवर ‘सेट प्रॉग=०५’ देऊन तोच मेंबर लोड करायचा. टायपिंगची चूक असली तर तिथल्या तिथे कळते. ‘डी प्रॉग,एपीएफ’ने यादी बघून घ्या. आणि आयपीएलच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या आयईएसिस मेंबरच्या ‘प्रॉग=’मध्ये ०५ आहे ना? नेमकं हेच राहून जातं.

नेटव्ह्यू या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधल्या कॉमन ग्लोबल व्हेरिएबल्सची (सगळ्या टास्कना सामायिक असलेल्या मूल्यांची) गोष्ट वेगळी. ती ‘ग्लोबलव्ही सेव्हसी’ने जतन करा, नेटव्ह्यू सुरू होताना ‘रिस्टोरसी’ने परत आणा.