चिखलासाठी गमबूट कसे निवडावेत

आषाढात मुळशी, मावळ किंवा भोरच्या शेतावर ज्यांचे जाणे-येणे असते, त्यांनी गमबूट पायात घालून पाहूनच घ्यावेत. पुण्यात ते रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात. जाताना जाड मोजे बरोबर न्यावेत आणि संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते. गोठ्यातल्या रोजच्या कामाला स्वस्त पीव्हीसी पुरते; बांधाबांधाने बरेच चालायचे असेल, तर पावलाबरोबर वाकणारे रबर घ्यावे.

खरी अडचण मापाची आहे आणि मलाही सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला आहे. ‘एक नंबर मोठा घ्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला कृपया मानू नका. रुतलेल्या बुटाखाली हवा शिरत नाही, त्यामुळे चिखल त्याला खाली धरून ठेवतो आणि टाच सैल असली की पाऊल तेवढे वर येते, बूट तिथेच राहतो. म्हणून मोजे घालून उभे राहावे; बोटे पुढे टेकवल्यावर टाचेमागे जेमतेम एक बोट मावले पाहिजे. मग सोबतच्या माणसाला बुटाची टाच जमिनीवर दाबून धरायला सांगून आपली टाच उचलावी. ती आतल्या आत अर्ध्या इंचाहून जास्त उचलली गेली, तर तो जोड परत ठेवावा. ‘दोन मोजे घाला, बसेल’ असे दुकानदार म्हणतोच, पण ओले मोजे दबतात आणि तासाभरात बूट पुन्हा सैल होतो. पावलाच्या वरच्या बाजूने सैल असेल, तर आत जाड सोल घालून भागते. लांबीला जास्त असलेल्या बुटाला मात्र इलाज नाही.

पिंढरीभोवती दोन बोटे जागा असावी. त्याहून घट्ट बुटातून ओला पाय निघत नाही, तर फार रुंद बुटात पावसाचे पाणी थेट उतरते.

तळाच्या खाचा खोल आणि विरळ हव्यात; दाट, उथळ खाचा दौंड-बारामतीकडच्या काळ्या मातीत लगेच भरतात आणि पाय घसरतो.

चिखलणीच्या, म्हणजे भातलावणीसाठी चिखल केलेल्या, खाचरात चिखल बुटाच्या काठावरून आत येत असेल, तर तिथे गमबूट घालून उतरू नये. पायाला जखम असेल, तर त्या दिवशी खाचरात उतरूच नये, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात.

वापरून झाल्यावर बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत. कडक उन्हात रबराला चिरा पडतात.