भोंगा ऐकू येत नसेल तर: श्रवणदोष असलेल्यांसाठी आपत्तीची पूर्वतयारी आणि नंतरची सावरासावर

आपत्तीची सूचना देण्याची पद्धत अजूनही मुख्यतः आवाजावर चालते. भोंगा वाजतो, गाडीवरून घोषणा होतात, शेजारी बाहेरून हाका मारतात, आणि जीव वाचवून निवाऱ्यात पोहोचल्यावरही डॉक्टर कधी येणार व पाणी कुठे मिळणार हे ध्वनिक्षेपकावरूनच सांगितले जाते. म्हणून ज्यांना कमी ऐकू येते किंवा अजिबात ऐकू येत नाही, त्यांची तयारी औषधे, टॉर्च आणि कागदपत्रे एवढ्यावर थांबत नाही. माहिती आपल्यापर्यंत कशी पोहोचेल हेही त्यांना आधीच ठरवून ठेवावे लागते. प्रत्येक महत्त्वाच्या सूचनेसाठी आवाजाखेरीज किमान दोन मार्ग हवेत आणि त्यांपैकी एक मार्ग म्हणजे जबाबदारी घेतलेला माणूस हवा. यंत्राचा सेल संपतो, नेटवर्क जाते, वीज जाते. ती वेळ नेमकी आपत्तीचीच असते.

रात्रीचा प्रश्न

सर्वांत जास्त धोका झोपेत असतो, कारण श्रवणयंत्र तेव्हा काढून ठेवलेले असते आणि दिवसा उपयोगी पडणारी नजरही मिटलेली असते. धूर ओळखणारे नेहमीचे अलार्म साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा तीव्र, उंच आवाज काढतात. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात नेमके उंच पट्टीतले आवाज आधी जातात, त्यामुळे दिवसा गप्पा बऱ्यापैकी समजणाऱ्या माणसालाही हा अलार्म झोपेत जागवेलच असे नाही. थोडेफार ऐकू येणाऱ्यांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म अधिक परिणामकारक ठरतो. ज्यांना तोही ऐकू येत नाही, त्यांनी उशीखाली किंवा गादीखाली ठेवायचे, अलार्मशी जोडलेले कंपनयंत्र घ्यावे. लखलखणारा दिवा सोबत जरूर असावा, पण एकट्या दिव्यावर विसंबू नये. गाढ झोपेतल्या किंवा कुशीवर वळलेल्या माणसाला प्रकाश चुकतो, हादरा सहसा चुकत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे वीज गेल्यावर कंपनयंत्र आणि दिवा दोन्ही बॅटरीवर चालतात का. अनेकदा अलार्मला बॅटरी असते, पण त्याला जोडलेले कंपनयंत्र भिंतीतल्या विजेवरच अवलंबून असते. दुसरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्याच कंपनयंत्राला जोडता येतो का. वीज गेल्यावर जनरेटर किंवा शेगडी बंद जागेत चालवली तर हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहता येत नाही.

श्रवणयंत्र रात्री कुठे ठेवायचे हाही सुरक्षेचाच भाग आहे. उशाशी टेबलावर सुटे ठेवलेले यंत्र भूकंपाच्या पहिल्या धक्क्यात खाली पडते आणि अंधारात, काचांच्या तुकड्यांमध्ये ते शोधत बसणे जिवावर बेतू शकते. ते झाकणाच्या डबीत ठेवून डबी पलंगाच्या पायाला बांधलेल्या पिशवीत, रोज त्याच जागी ठेवावी. शेजारीच टॉर्च आणि चपला असाव्यात.

मोबाइल आणि माणसे

अनेक देशांत आणीबाणीचे इशारे सेल ब्रॉडकास्ट पद्धतीने त्या परिसरातल्या सर्व मोबाइलवर एकाच वेळी पाठवले जातात. या इशाऱ्याला तुमचा क्रमांक माहीत असावा लागत नाही आणि फोनची वर्दळ वाढली तरी तो सहसा अडकत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हे इशारे आणि त्यांचे कंपन चालू आहे ना, हे आजच तपासावे. मनगटावर कंपन देणारे घड्याळ असेल तर इशारा त्यावरही येतो का, याची खात्री करून घ्यावी. तुमच्या भागातल्या आणीबाणी क्रमांकावर लेखी संदेश पाठवता येतो का आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते का, हेही शांत काळातच शोधून ठेवावे.

खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांना व्हिडिओ कॉलची सवय असते, पण कोलमडलेल्या नेटवर्कवर व्हिडिओ सर्वांत आधी बंद पडतो. साधा एसएमएस मात्र कमी जागेत भागवतो आणि उशिरा का होईना पोहोचतो. त्यामुळे घरच्यांशी आधीच चार-पाच छोटे संदेश ठरवून मोबाइलमध्ये साठवावेत.

दूरचित्रवाणीवर खुणांच्या भाषेचा दुभाषी दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळापूर्वी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मॅनटी काउंटीत झालेल्या पत्रकार परिषदेत दुभाषी म्हणून उभ्या केलेल्या व्यक्तीला सांकेतिक भाषा पुरेशी येत नव्हती. कर्णबधिर प्रेक्षकांना स्थलांतराच्या सूचनेऐवजी पिझ्झा, अस्वल असे असंबद्ध शब्द दिसत होते. म्हणून लेखी मजकूर देणारा एखादा अधिकृत स्रोत नेहमी जोडीला ठेवावा.

आता माणसांविषयी. वेगवेगळ्या घरांतले दोघे किंवा तिघे निवडावेत, कारण एकच माणूस नेमका बाहेरगावी असतो. ‘काही झालं तर सांगा हं’ एवढ्यावर सोडू नये; कोणत्या इशाऱ्याला कोण येणार, तो दारावरची चमकणारी घंटा दाबणार की जवळ दिलेल्या किल्लीने आत येणार, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावून उठवणार की दिवा दोनदा चालू-बंद करणार, हे बोलून ठरवावे आणि एकदा रात्री, यंत्र काढलेले असताना, करून पाहावे. दिवसाढवळ्या केलेल्या सरावातून यातले फारसे काही कळत नाही.

पिशवीत काय असावे

सर्वसाधारण यादी सर्वांना ठाऊक असते, ती इथे देत नाही. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल चार आकारांत मिळतात आणि त्यांच्यावरच्या चिकटपट्टीचा रंग ठरलेला असतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्वतःचा आकार आणि रंग मदतनीसालाही सांगून ठेवावा. पट्टी काढली की हवा आत शिरून सेल सुरू होतो आणि पट्टी पुन्हा चिकटवली तरी त्याचे झिजणे पूर्ण थांबत नाही. म्हणून ‘तयार असावेत’ या हेतूने आधीच पट्ट्या काढून ठेवणे म्हणजे ते वाया घालवणे होय. पट्टी काढल्यावर मात्र एक-दोन मिनिटे थांबून मगच सेल यंत्रात बसवावा. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवण-उपकरणाचा, बाहेरचा प्रोसेसर अशा सेलवर चालत असेल तर त्याला ६७५ आकाराचे असले तरी जास्त क्षमतेचे, इम्प्लांटसाठीचे वेगळे सेल लागतात.

चार्जिंगवर चालणारे यंत्र असेल तर त्याचा चार्जर पॉवर बँकेवर चालतो का, हे करून पाहावे. जुने, सेलवरचे यंत्र घरात पडून असेल तर ते टाकू नये. त्याचे सेटिंग आता तंतोतंत जुळत नसले तरी ओल्या किंवा हरवलेल्या नव्या यंत्रापेक्षा ते बरे. यांखेरीज ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची हवाबंद डबी, ऑडिओग्रामची (श्रवणचाचणीच्या आलेखाची) प्रत, यंत्राचे मॉडेल व अनुक्रमांक, ऑडिओलॉजिस्टचा (श्रवणतज्ज्ञाचा) पत्ता, वही, जाड मार्कर आणि शिट्टी एवढे घ्यावे.

एक कार्ड गळ्यात किंवा खिशात असावे. ‘मला ऐकू येत नाही. माझ्यासमोर उभे राहा, लिहून दाखवा,’ एवढी दोनच वाक्ये ठळक अक्षरांत पुरतात. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे आणि लेखी भाषा जड जाते, त्यांनी वेदना, औषध, पाणी, कुटुंब अशा चित्रांचे कार्डही ठेवावे.

प्रत्यक्ष प्रसंगी

अंधारात ओठ वाचता येत नाहीत आणि खुणाही दिसत नाहीत. मदतीला आलेला माणूस मात्र सवयीने टॉर्च तुमच्या डोळ्यांवर मारतो आणि उरलेसुरले दिसणेही बंद होते. टॉर्च हातात घेऊन तो प्रकाश त्याच्या छातीकडून चेहऱ्याकडे, तिरपा वळवावा; स्वतः खुणा करताना टॉर्च उंचावर ठेवून तो आपल्या हातांवर पडेल असा लावावा. कपाळावरच्या टॉर्चने हात मोकळे राहतात, पण समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून तो किंचित खाली झुकवावा. समोरच्याने मास्क लावला असेल तर लिहून दाखवायला सांगावे.

ढिगाऱ्याखाली अडकल्यास अडचण वेगळी असते. शोधपथक हाक मारून मध्येच पूर्ण शांतता पाळते आणि उत्तराची वाट पाहते. ती वेळ कोणती, हे तुम्हाला कळणार नाही. त्यामुळे कोणी येण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाइपवर किंवा भिंतीवर तीन ठोके देणे, थोडे थांबणे, पुन्हा तीन ठोके देणे चालू ठेवावे. भिंतीवर तळहात टेकवल्यास बाहेरच्या यंत्रांची कंपने जाणवू शकतात.

निवारा, रुग्णालय आणि नंतर

निवाऱ्यात पोहोचताच नोंदणी करणाऱ्याला कार्ड दाखवून तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक घोषणा फळ्यावर लिहिली जावी, रात्रीच्या इशाऱ्यासाठी उठवणारा माणूस नेमावा आणि चार्जिंगची जागा मिळावी. हे उपकार म्हणून मागण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील ११ वे कलम आपत्तीत त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी त्यात सहभागी झालेल्या देशांवर टाकते. झोपण्याची जागा जनरेटर आणि पंख्यापासून दूर, दार व फळा दिसेल अशी निवडावी.

रुग्णालयात लहान मुलाला दुभाषी करू नये. गंभीर निदान किंवा शस्त्रक्रियेची संमती मुलाच्या तोंडून कळणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि चुकीलाही आमंत्रण. खुणा करणाऱ्यांनी सलाइन कमी वापराच्या हाताला लावायला सांगावे, नाहीतर सुई लागताच बोलणेच अर्धे बंद होते. कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग हरवला असेल तर आतले चुंबक कोणाला दिसत नाही, म्हणून एमआरआयपूर्वी इम्प्लांटचे ओळखपत्र दाखवणे अत्यावश्यक असते.

पाण्यात भिजलेले यंत्र लगेच बंद करावे, सेल काढावा, सेलचे दार उघडे ठेवून कोरड्या कापडाने पुसावे आणि सिलिका जेलच्या डबीत निदान एक रात्र ठेवावे. हेअर ड्रायर, उन्हाचा कडाका, मायक्रोवेव्ह यांपासून ते दूर ठेवावे. कानात पुराचे पाणी गेले असेल आणि कान दुखत किंवा वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत यंत्र घालू नये.

भरपाईच्या यादीत भांडीकुंडी लिहिली जातात आणि श्रवणयंत्र, कंपनयंत्र, चमकणारी घंटा हमखास विसरली जातात, कारण पंचनामा करणाऱ्याला ती वस्तू म्हणून दिसतच नाहीत. बिघडलेल्या प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांकासह फोटो काढावा, बिघडलेले यंत्र पाहणी होईपर्यंत टाकू नये आणि ऑडिओलॉजिस्टकडून दुरुस्त होणार की नवे घ्यावे लागणार याचा लेखी शेरा घ्यावा. फोनवर पाठपुरावा करण्याचा आग्रह कोणी धरला तर ईमेल किंवा पत्राने उत्तर द्यावे अशी लेखी मागणी नोंदवून तिची पोच घ्यावी, कारण न उचललेल्या एका फोनमुळे अर्ज ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केला जाऊ शकतो.