किर्गिझस्तान समजून घ्यायचा तर सुरुवात कोठून करावी

किर्गिझस्तानविषयी माहिती शोधायला बसले की क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी आणि चलन पाच मिनिटांत हाती लागते आणि आठवडाभरात तितक्याच सहज विसरले जाते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मी ही यादी एकदा घोकून पाठ केली होती. आज त्यातले ‘सोम’ हे चलनाचे नाव तेवढे आठवते. मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केकला पाठवू पाहणारे पालक असोत, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी असोत वा नुसते जिज्ञासू वाचक असोत, त्यांच्यासाठी पुढील पद्धत अधिक उपयोगी पडते: आधी पाणी कोठून कोठे जाते ते पाहावे, मग रस्ता पाहावा, मग माणसे, आणि सरकार व अर्थकारण यांच्याकडे शेवटी वळावे.

त्यासाठी राजकीय नकाशा बाजूला ठेवून मध्य आशियाचा प्राकृतिक नकाशा घ्यावा. सुमारे २ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दोन तृतीयांश आकाराचा हा देश नकाशावर बहुतेक सगळा तपकिरी दिसतो, कारण त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी १,५०० मीटरांच्या वर आहे. चीनच्या सीमेवरील जेंगिश चोकुसू हे सर्वोच्च शिखर ७,४३९ मीटर उंच आहे. उत्तरेला कझाकस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान, नैर्ऋत्येला ताजिकिस्तान आणि पूर्व व आग्नेय दिशांना चीन, असे चार शेजारी आहेत. या देशाला समुद्र नाही हे सर्वांना ठाऊक असते. परंतु येथील नद्यांनाही समुद्र नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. देशातील एकही नदी महासागराला मिळत नाही. चू नदी कझाकस्तानच्या वाळवंटात जिरून जाते. इसिक कुल सरोवरात कित्येक प्रवाह येतात, पण त्यातून एकही बाहेर पडत नाही, म्हणून समुद्रसपाटीपासून १,६०७ मीटर उंचीवरचे आणि ६६८ मीटर खोलीचे हे सरोवर किंचित खारे आहे आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही गोठत नाही.

आता पेन्सिल घेऊन नारीन नदी उगमापासून गिरवावी. पूर्वेकडील तिआनशानच्या हिमनद्यांतून निघून ती पश्चिमेला वाहते, तोक्तोगुल जलाशयात येते, तेथून खाली फरगाना खोऱ्यात उतरते आणि उझबेकिस्तानात कारा दर्या नदीला मिळून सिर दर्या होते. ही सिर दर्या पुढे कझाकस्तानातून अरल समुद्राच्या दिशेने जाते. पेन्सिल तोक्तोगुलवर आली की थांबावे आणि या एका ठिकाणाला पुरेसा वेळ द्यावा. १९७०च्या दशकात उभारलेले हे धरण २१५ मीटर उंच असून जलाशयाची क्षमता १९.५ अब्ज घनमीटर आहे. आपल्या परिचयाच्या मापात ती सुमारे ६९० टीएमसी, म्हणजे कोयनेच्या साडेसहापट भरते. देशाची सुमारे चाळीस टक्के वीज या एका केंद्रातून येते.

सोव्हिएत काळात हे धरण मुख्यतः खालच्या उझबेक आणि कझाक शेतीसाठी चालवले जाई. उन्हाळ्यात कापसाला पाणी सोडायचे आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्यात खालून वायू, कोळसा व इंधन घ्यायचे, असा मॉस्कोने ठरवून दिलेला व्यवहार होता. १९९१मध्ये तो मोडला. शेजारी वायूचे पैसे रोख मागू लागले आणि किर्गिझस्तान घरे उबदार ठेवण्यासाठी हिवाळ्यात पाणी सोडून वीज करू लागला. परिणामी थंडीत खालच्या भागात नको असताना पाणी आणि उन्हाळ्यात हवे असताना टंचाई, अशी उलटापालट झाली. कोयनेचे पाणी पश्चिमेला वळवून वीज करायची की पूर्वेला सोडून शेती भिजवायची, हा वाद ज्याने ऐकला आहे त्याला हा पेच चटकन कळेल. फरक एवढाच की येथे धरण एका देशात आहे आणि शेत दुसऱ्या देशात.

नदीनंतर रस्ता. बिश्केक हे राजधानीचे शहर उत्तरेला चू खोऱ्यात, कझाक सीमेला जवळजवळ खेटून आहे, आणि ओश हे दुसरे मोठे शहर दक्षिणेला फरगाना खोऱ्याच्या काठावर आहे. दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता साडेसहाशे किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा असून तो तीन हजार मीटरांहून उंच अशा दोन खिंडी ओलांडतो. उत्तरेतील लोहमार्ग कझाकस्तानला जोडलेला आहे, दक्षिणेतील उझबेकिस्तानला. देशाच्या आतून एकमेकांना ते कोठेच मिळत नाहीत. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द किर्गिझ राजकारणात वारंवार का येतात, ते या रस्त्यावर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

याच टप्प्यावर फरगाना खोऱ्याच्या सीमारेषा भिंगातून पाहाव्यात. खोऱ्याचा सपाट तळ बहुतांशी उझबेकिस्तानकडे, भोवतीचे उतार किर्गिझस्तानकडे आणि पश्चिमेचे तोंड ताजिकिस्तानकडे आहे. शिवाय किर्गिझ भूमीच्या आत सोख हा उझबेकिस्तानचा आणि वोरुख हा ताजिकिस्तानचा तुकडा बेटासारखा उरलेला आहे. सोव्हिएत काळात या रेषा कागदापुरत्याच होत्या. त्या आंतरराष्ट्रीय सीमा झाल्यावर कालव्याचे एक दार कोण उघडणार यावरूनही माणसे मरू लागली. एप्रिल २०२१मध्ये किर्गिझ आणि ताजिक यांच्यात पेटलेल्या चकमकी पाणी वाटपाच्या अशाच एका ठिकाणावरून सुरू झाल्या, सप्टेंबर २०२२मध्ये त्याहून मोठा संघर्ष झाला, आणि १३ मार्च २०२५ रोजी बिश्केकमध्ये दोन्ही देशांनी अखेर सीमाकरारावर सह्या केल्या. जुनी पुस्तके ही सीमा ‘वादग्रस्त’ म्हणून दाखवतात, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

माणसांकडे वळताना टक्केवारीपेक्षा वस्तीची उंची पाहावी. देशाची लोकसंख्या ७० लाखांच्या थोडी वर, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश किर्गिझ आहेत. हे मूळचे पशुपालक. उन्हाळ्यात मेंढ्या आणि घोडे घेऊन ‘जायलू’वर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर जाण्याची रीत आजही मोडलेली नाही. उझबेक सुमारे चौदा टक्के असून ते मुख्यतः दक्षिणेच्या सखल, बागायती पट्ट्यात आणि तेथील बाजारपेठांत आहेत. १९८९मध्ये एक पंचमांशाहून अधिक असलेले रशियन आता पाच टक्क्यांच्या खाली आले आहेत आणि ते प्रामुख्याने उत्तरेत राहतात. दक्षिणेत जमीन थोडी आणि माणसे दाट, म्हणून किर्गिझ व उझबेक यांच्यात १९९०मध्ये आणि पुन्हा जून २०१०मध्ये ओश भागात भीषण दंगली झाल्या. दुसऱ्या दंगलीत चारशेहून अधिक माणसे मारली गेली. बहुसंख्य लोक सुन्नी मुस्लिम आहेत. किर्गिझ ही राज्यभाषा आणि रशियन ही अधिकृत भाषा असून दोन्ही सिरिलिक लिपीत लिहिल्या जातात. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी जाण्यापूर्वी ही लिपी शिकावी, असा माझा आग्रह आहे. आठवडाभराच्या सरावात दुकानाच्या पाट्या आणि बसचे फलक वाचता येऊ लागतात. वर्ग इंग्रजीत चालले तरी रुग्ण इंग्रजी बोलत नाही. बिश्केकमध्ये रशियनवर काम भागते, ओशमध्ये मात्र किर्गिझ आणि उझबेक कानावर अधिक पडतात. मे २०२४मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला होता, हेही पालकांनी निवड करताना विसरू नये.

राज्यव्यवस्थेचा अभ्यास बहुतेक जण राज्यघटनेच्या कलमांपासून करतात; येथे मात्र राष्ट्राध्यक्षांची यादी लिहून प्रत्येकापुढे त्याचा मूळ प्रदेश लिहावा. अस्कर अकायेव उत्तरेचे, कुर्मानबेक बाकियेव दक्षिणेचे, अल्माझबेक अतामबायेव उत्तरेचे, सूरोनबाय जीनबेकोव दक्षिणेचे आणि सध्याचे सादिर जापारोव पुन्हा उत्तरेचे; मध्ये २०१०-११चा रोझा ओतुनबायेवा यांचा संक्रमणकाळ आहे. मग यादीत २००५, २०१० आणि २०२० या वर्षांखाली रेघ मारावी, कारण या तिन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष रस्त्यावरच्या उठावामुळे गेले. २०१०च्या उठावामागे बाकियेव कुटुंबाविषयीचा राग होताच, पण ठिणगी पडली ती वीज आणि हीटिंगचे दर एकदम वाढवल्याने. आपण नारीनपासून सुरुवात केली ती यासाठीच. त्यानंतर आलेल्या घटनेने संसदेला बळ दिले होते. एप्रिल २०२१च्या सार्वमताने ते काढून घेऊन सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटली, ‘जोगोर्कु केनेश’ या संसदेच्या जागा १२०वरून ९० केल्या आणि राष्ट्राध्यक्षांना पाच वर्षांच्या दोन मुदतींची मुभा दिली. मध्य आशियात मोकळ्या राजकारणासाठी हा देश एकेकाळी अपवाद मानला जाई. आज ते विधान जपूनच करावे. डिसेंबर २०२३मध्ये तर ध्वजही बदलला. लाल पार्श्वभूमीवरच्या सूर्याचे चाळीस किरण नागमोडी होते ते सरळ करण्यात आले, कारण तो सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो अशी तक्रार होती. सूर्याच्या पोटातले ‘तुंदुक’, म्हणजे तंबूच्या छताचे लाकडी कडे, तसेच राहिले.

अर्थव्यवस्था समजण्यासाठी पैसा देशात कोणत्या वाटेने येतो एवढेच विचारावे. पहिली वाट सोन्याची: चार हजार मीटरांवरील कुमतोर खाणीत १९९७पासून उत्पादन सुरू आहे, काही वर्षे तर देशाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा तिच्यातून आला, आणि २०२१-२२मध्ये सरकारने ती कॅनडाच्या कंपनीकडून ताब्यात घेतली. दुसरी वाट रशियात राबणाऱ्या मजुरांची. त्यांनी घरी पाठवलेला पैसा कित्येक वर्षे देशांतर्गत उत्पादनाच्या पाव हिश्श्याच्या वर राहिला आहे, त्यामुळे मॉस्कोतील बांधकाम थंडावले की नारीन प्रांतातल्या खेड्यातील घराचे छप्पर अर्धवट राहते. २०१५मध्ये किर्गिझस्तान रशियाही ज्यात आहे अशा युरेशियन आर्थिक संघात गेल्याने या मजुरांना रशियात वेगळा कामाचा परवाना लागत नाही.

तिसरी वाट व्यापाराची, आणि ती पाहायला बिश्केकच्या दोर्दोई बाजारात जावे लागते. समुद्र नसलेल्या या देशातला सर्वांत मोठा बाजार जहाजावरच्या कंटेनरांचा बनलेला आहे: एकावर एक ठेवलेले लोखंडी डबे, खालच्यात दुकान, वरच्यात गोदाम, मधून अरुंद गल्ल्या. चीनमधून खिंडी ओलांडून आलेला माल येथून कझाकस्तान आणि रशियाकडे जातो. म्हणून या देशाचे व्यापाराचे आकडे एकाच कागदावरून घेऊ नयेत. चीनने किर्गिझस्तानला किती माल विकला हे चीनचे आकडे सांगतात आणि चीनकडून किती घेतला हे किर्गिझस्तानचे आकडे सांगतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की मोठी तफावत दिसते. २०२२मध्ये रशियावर निर्बंध आल्यानंतर ही फेरनिर्यात आणखी फुगली आहे, तेव्हा अलीकडच्या विकासदराचे कौतुक करण्यापूर्वी त्यातला किती भाग नुसत्या वाटेवरच्या मालाचा आहे हे पाहावे. डिसेंबर २०२४मध्ये चीन, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान यांना जोडणाऱ्या रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला. ती पूर्ण झाल्यावर या वाटेचे हिशेब पुन्हा मांडावे लागतील.

पुढे बातम्यांचा मागोवा ठेवायचा असेल तर वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, तोक्तोगुलचा साठा शोधून वहीत लिहावा. त्यातील सुमारे ५.५ अब्ज घनमीटर हा मृतसाठा, म्हणजे विजेसाठी वापरता न येणारे तळाचे पाणी, असतो, त्यामुळे लिहिलेल्या आकड्यातून तो वजा करून पाहावे. सरकारने ऑगस्ट २०२३पासून २०२६च्या अखेरीपर्यंत ऊर्जा क्षेत्रात आणीबाणी जाहीर केली, तीही साठा आणि मागणी यांचा मेळ बसेना म्हणूनच. ऑक्टोबरचा आकडा कमी भरला, तर येत्या हिवाळ्यात वीज शेजाऱ्यांकडून विकत घेतली जाते का आणि दर वाढतात का, याकडे लक्ष ठेवावे.