चाळीस हजारांचे हेडफोन आणि फुकटात होणाऱ्या चुका

"चाळीस हजार मोजले, तरी शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेच."

दिवाळीच्या सेलनंतर पंधरा दिवसांत ही तक्रार हमखास येते. बोलणाऱ्याचा सूर फसवलं गेल्याचा असतो आणि हेडफोन मात्र ठणठणीत असतात. शिट्टी ऐकू येणारच. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे कानाला घातलेलं कुलूप नव्हे.

आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं की निम्म्या चुका तिथेच टळतात. कपाच्या बाहेरचे माइक आवाज टिपतात, आतला माइक कानापाशी काय पोचलं ते बघतो आणि चिप त्या आवाजाची उलटी लहर स्पीकरमधून सोडते. सुलटी आणि उलटी एकमेकींना खातात. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या घरघरीची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर उलटी लहर नेमकी बसवणं चिपला सोपं जातं. ३००० हर्ट्झला हीच लांबी अकरा-साडेअकरा सेंटीमीटरवर येते. तिथे दोन सेंटीमीटरचा घोळ झाला की कॅन्सलेशन संपलं. त्याहून जास्त चुकलं तर आवाज उलट वाढतो. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर चिप फारसं काही करत नाही. तिथला आवाज अडवायचं काम कानाभोवतीच्या गादीचं.

हेडफोनमध्ये ही विद्या रुजली ती विमानामुळे. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला. विमानाचं इंजिन, ऑफिसचा एसी, एसटीचं डिझेल इंजिन, छतावरचा पंखा, लोकलच्या मोटरची एकसुरी गुणगुण या सगळ्यावर हे हेडफोन जादू करतात. भाजीवाल्याची हाळी, कुत्र्याचं भुंकणं, रिक्षाचा हॉर्न, पलीकडच्या टेबलावरची बडबड हे फक्त मंद होतं. आणि एक गंमत अशी की, पंख्याची घरघर गेल्यावर तीच बडबड जास्त स्पष्ट कळायला लागते. त्यावर उपाय म्हणजे अगदी हळू आवाजात पावसाचा नाहीतर तानपुऱ्याचा आवाज लावून ठेवणं.

तेव्हा पैसे देण्याआधी आपला त्रास कुठला ते ठरवा. महिन्यातून दोनदा विमान, रोजचा लांबचा बसप्रवास, एसी घरघरणारं ऑफिस, यातलं काही असेल तर पैसे वसूल. घरात लहान मूल आणि खिडकीखाली चौक, एवढाच त्रास असेल तर फोमची बोंडं असलेले कानात घालायचे साधे इअरफोन यांच्या दहाव्या हिश्शात तेवढंच काम करतात. दुकानदार हे सांगणार नाही.

फट

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चार मिलिमीटरच्या फटीतून. चष्म्याची जाड काडी, कानामागे अडकलेली बट, मोठे झुबे, टोपीची कड. गादी आणि कातडी यांच्यामध्ये काहीही आलं की तिथून खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो. नेमका तोच आवाज खाण्यासाठी आपण पैसे दिलेले असतात. त्याच फटीतून गाण्यातला बेस बाहेर जातो. मग माणूस ॲपमध्ये जाऊन इक्वलायझरचा बेस वाढवतो, आवाज चिखलासारखा होतो, आणि 'एवढा महाग असून साउंड काही खास नाही' असा निकाल लागतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पंखा पूर्ण वेगाने लावा. गाणं बंद, कॅन्सलेशन चालू. आता दोन्ही तळव्यांनी कप हलकेच दाबा. घरघर एकदम खाली गेली तर फट आहे. चष्मा काढून पुन्हा दाबा. आता फरक पडला नाही तर दोषी चष्मा. तरीही पडला तर दोष बसवण्यात आहे: बहुतेक वेळा फट कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या खोलगट भागात असते आणि तिथे कोणी बघतच नाही. हेडबँड दोन्ही बाजूंनी एकेक खाच लांब करा, कप थोडे खाली आणि किंचित मागे सरकवा, पुन्हा दाबून बघा. डावी-उजवी बाजू एकाच खाचेवर असली पाहिजे असा काही नियम नाही, आपलं डोकं कुठे मोजून घडवलेलं असतं?

चष्मेवाल्यांसाठी: आधी हेडफोन, मग चष्मा. काडी गादीखाली आडवी दाबून ठेवण्यापेक्षा थोडी वर तिरपी सरकवा. पातळ धातूच्या काडीने जवळजवळ काही बिघडत नाही, जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमने चांगलंच बिघडतं. दुकानात बघायला जाताना रोजचाच चष्मा घालून जा. कॉन्टॅक्ट लेन्स लावून हेडफोन पसंत करणारे लोक आहेत, आणि त्यांना सोमवारी ऑफिसात चष्मा घालून बसायचं असतं.

घामासाठी गादीवर चढवायची कापडी खोळ मिळते. घेऊ नका. कापडातून हवा जाते म्हणजे आवाजही जातो. पाचशे रुपयांच्या बाहेरच्या गाद्यांचंही तेच. फोमची जाडी आणि मधल्या भोकाचा आकार बदलला की आतल्या माइकचं सगळं गणित बदलतं, कारण चिपची जुळणी मूळ गादीवर झालेली असते. गादी बदलायचीच तर कंपनीची घ्या, महाग पडली तरी.

कान दडपल्यासारखे वाटतात म्हणून पहिल्याच दिवशी परत करायला निघू नका. दाब वाढलेला नसतो, घरघर अचानक नाहीशी झाल्यामुळे तसं वाटतं. चार-पाच दिवस अर्धा-अर्धा तास वापरा. नाहीच सवय झाली तर मात्र हा प्रकार तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. बस खड्ड्यात आदळली की कानात 'धप्' होतं, तोही बिघाड नव्हे. झटक्याने कपातली हवा दाबली जाते आणि आतला माइक क्षणभर गोंधळतो. सोनीच्या एक्सएम४ या मॉडेलवर 'कस्टम' नावाचं बटण दोन सेकंद दाबून कॅन्सलेशन डोक्याप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे जुळवून घेता येतं. विमान वर गेल्यावर हे एकदा करावं. त्यानंतरच्या एक्सएम५ पासून ते आपोआप होतं.

मीटिंग लागली की आवाज पत्र्याच्या डब्यातला

प्रकरण साधारण असं घडतं. शनिवारी हेडफोन घरी येतात. दोन दिवस गाणी, सिनेमा, सगळं झकास. सोमवारी सकाळी लॅपटॉपवर मीटिंग सुरू होते आणि समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मीटिंग संपते, गाणं लावलं तर पुन्हा उत्तम. मंगळवारी तेच. बुधवारी लॅपटॉपचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलून झालं, गुरुवारी फॅक्टरी रीसेट, शुक्रवारी सर्व्हिस सेंटरची रांग. तिथला मुलगा फोनला जोडून गाणं लावतो: 'पीस ओके आहे सर.' मग भांडण, मग बदलून दुसरा पीस. सोमवारी तोही विहिरीत. शेवटी ते विकून दुसऱ्या कंपनीचे घेतले जातात, पाच-सात हजारांची खोट खाऊन. आणि पुढचा सोमवार येतोच.

कारण एकच. ब्लूटूथचे दोन रस्ते आहेत. एकावरून चांगला स्टिरिओ आवाज येतो, पण एकतर्फी, फक्त लॅपटॉपकडून कानाकडे. हेडफोनचा माइक वापरायला घेतला की जोडणी दुसऱ्या, दुतर्फी रस्त्यावर जाते. तो रस्ता फोनवर बोलण्यासाठी बनवलेला, म्हणून मोनो आणि अरुंद: सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) सहसा १६ किलोहर्ट्झ, जुन्या जोडणीत फक्त ८. गाण्याच्या सीडीला ते ४४.१ असतं, यावरून कल्पना करा. हेडफोन पाच हजारांचे असोत की साठ हजारांचे, रस्ता तोच.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. झूम किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा. स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात. 'स्टिरिओ' लिहिलेलं घ्यायचं, 'हँड्स-फ्री' लिहिलेलं नाही. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे इनपुट, आणि मॅकबुकचा माइक. एवढं करूनही आवाज डब्यातलाच असेल तर मागे कुठलं तरी ॲप नाहीतर ब्राउझरची टॅब माइक धरून बसली आहे. विंडोजच्या खालच्या पट्टीत माइकचं चिन्ह दिसतं का बघा आणि ते ॲप किंवा ती टॅब बंद करा.

भोवती फार गोंगाट असेल आणि लॅपटॉपचा माइक तो सगळा उचलत असेल, तर वेगळा यूएसबी माइक घ्या. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीने ही अडचण बरीच सुटते, पण ती लॅपटॉप आणि हेडफोन दोघांनाही यावी लागते. कॉलसाठी म्हणूनच हेडफोन घ्यायचे असतील तर तोंडापुढे दांडीवर माइक असलेला साधा हेडसेट या सगळ्यांना हरवतो. दिसायला कॉल सेंटरसारखा दिसतो म्हणून कोणी घेत नाही, ही वेगळी गोष्ट.

पावसाळा आणि खोबरेल

गादीवरचं 'लेदर' बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं. दमट हवेत ते वापराविनाही हळूहळू विरतं, मुंबईत आणि कोकणात जास्तच लवकर. आधी चिकट लागतं, मग काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. घाम आणि केसांचं तेल हे काम आणखी वेगाने करतात. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा, अर्धा तास उघड्यावर ठेवा, मग केसमध्ये घाला. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या. सॅनिटायझर नको, स्पिरिट नको, आणि लेदर मऊ राहावं म्हणून खोबरेल तर अजिबात नको (हेही केलं जातं).

एक्सएम५ काय किंवा ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स काय, यांना पाण्या-घामापासून बचावाचं कुठलंही आयपी रेटिंग नाही. व्यायामाला हे घालून जाणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं.

बाकीच्या, थोडक्यात

गाणं मध्येच आपोआप थांबतं? तुम्ही सोबत गुणगुणता. सोनीचं 'स्पीक टू चॅट' त्याला बोलणं समजतं. ॲपमधून ते बंद करा.

आयफोनवर एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांचा आवाज पाठवायची सोनीची पद्धत) शोधू नका, तिथे ते नाहीच. आयफोन एएसी ही दुसरी पद्धत वापरतो आणि त्याने काही अडत नाही. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसला अडकवून दादर स्टेशनात उभं राहिलं की आवाज तुटणारच. ॲपमध्ये 'स्थिर जोडणीला प्राधान्य' निवडा आणि फोन मागच्या खिशातून पुढे घ्या.

रियाज, व्हिडिओ एडिटिंग, गेम यांसाठी वायर लावा. ब्लूटूथला पाव सेकंदाच्या आसपास उशीर होऊ शकतो, आणि तेवढ्यात सम निघून जाते. पण एअरपॉड्स मॅक्सची बॅटरी संपली की वायर लावूनही ते मुकेच, हे घेण्याआधी माहीत असू द्या. त्यांचं वजनही सुमारे ३८५ ग्रॅम, एक्सएम५ चं २५० च्या आसपास. दुकानातल्या पाच मिनिटांत हा फरक कळत नाही, तिसऱ्या तासाला मानेला कळतो.

एक्सएम४ मिटतात, एक्सएम५ मिटत नाहीत, एक्सएम६ पुन्हा मिटतात. एक्सएम५ चे कप फक्त सपाट फिरतात. जोर लावू नका.

मे महिन्यात विदर्भात बंद गाडीत ठेवू नका. चार्जिंग १५ ते ३५ अंशांत. वापर नसला तरी सहा महिन्यांत एकदा चार्ज करा.

दुचाकीवर नको. कारण द्यायची गरज नसावी.

आणि रीसेट. काहीही बिनसलं की अधीर माणसाचा हात आधी तिथेच जातो आणि सगळी जुळणी पुसून बसतो. आधी फोनचं ब्लूटूथ बंद-चालू, मग हेडफोन बंद-चालू, मग लॅपटॉपशी असलेली दुसरी जोडणी तोडून पाहणं, हा क्रम. निम्म्या वेळा लॅपटॉपच्या ईमेलची 'टिंग' फोनवरचं गाणं अडवत असते, बाकी काही नाही. इतकं करूनही जमलं नाही तरच रीसेट. एक्सएम४ वर चार्जिंगची वायर काढा, हेडफोन बंद करा, पॉवर आणि कस्टम ही बटणं एकत्र सात सेकंद दाबून धरा. निळा दिवा चारदा लुकलुकला की झालं. त्यानंतर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनं नाव 'फर्गेट' करा आणि नव्याने पेअर करा. ही शेवटची पायरी गाळणारे मग सांगत फिरतात की रीसेट केल्यावर हेडफोन कायमचे बिघडले.