वादविवाद शिकवायला घेताय? आधी ऐकायला शिकवा

कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या मराठीच्या किंवा राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाकडे पहिल्याच वर्षी हमखास येणारं काम म्हणजे वक्तृत्व-वादविवाद मंडळ. वरिष्ठांनी आपल्यावर ढकललं, असं म्हणून ते उरकू नका. तासाला शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी इथे पहिल्यांदा तोंड उघडते, आणि कधी कधी अख्खा वर्ग तिच्याकडे वळून बघतो. बरीच वर्षं मी हे काम करते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना जे सांगावंसं वाटतं, ते इथे लिहिते.

मुलं येतात ती पाठांतर घेऊन. ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि सुज्ञ श्रोतेहो’, मग एक शेर, मग टाळ्यांची दोन वाक्यं. आवाज चांगला, हातवारे बसवलेले. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत एका कॉलेजचा संघ दोघांचा असतो, एक जण विषयाच्या बाजूने बोलतो आणि दुसरा विरोधात. दोघंही आपापलं लिहून आणतात. आधीचा वक्ता काय म्हणाला याच्याशी पुढच्याचा काही संबंध नसतो. असे वीस जण बोलून जातात, करंडक दिला जातो, पण वाद झालेलाच नसतो.

म्हणून माझ्या मंडळात पहिले काही आठवडे कोणी स्वतःचं मत मांडत नाही. समोरच्याने दोन मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, तेही बोलणारा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत. बहुतेकांना हे पहिल्या खेपेला जमत नाही. एकदा विषय होता, दुष्काळी भागाला मोठ्या धरणांपेक्षा लहान जलसंधारणाची कामं तारतील. बाजूने बोलणाऱ्या मुलाने शेततळ्यांचं कौतुक केलं, हिवरे बाजारचं उदाहरण दिलं. विरोधातल्या मुलीने लगेच धरणांचे फायदे सुरू केले. तिला थांबवून विचारलं, ‘तो काय म्हणाला ते आधी सांग.’ सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की त्याने दोन वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्या होत्या. हिवरे बाजारात पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं गेलं आणि पाणी पाहून पिकं ठरवली गेली. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं मात्र अनेक ठिकाणी विहिरीतून, बोअरमधून उपसून भरलं जातं. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. तिला तिचा खंडनाचा मुद्दा सापडला, आणि तो त्या मुलाच्याच बोलण्यात होता. पुढच्या फेरीत त्यानेही धरणाच्या कालव्याच्या मुखाशी ऊस आणि शेपटाकडे कोरडी चारी, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतच नाही, हा प्रश्न काढला. त्या संध्याकाळी वर्ग बंद करायला शिपाईमामा दोनदा येऊन गेले.

हे काही माझं संशोधन नाही. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. तिथेच पराभवाच्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं दिली आहेत. त्यातलं एक ‘अननुभाषण’: प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेलं, सभेला समजलेलं म्हणणं तुम्हाला परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. मुलांना हा नियम सांगितला की ती चमकतात. आपल्या गुणपत्रिकेत उच्चार, आवाज, हावभाव यांना रकाने असतात, याला नसतो. मंडळाची अंतर्गत स्पर्धा तुमच्या हातात असते. तिथे निम्मे गुण खंडनाला ठेवा आणि परीक्षकांना ते आधी समजावून सांगा.

वाचायला काय द्यायचं? मी सुरुवात डॉ. आंबेडकरांच्या 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणाने करते. त्यातला सामाजिक लोकशाहीचा भाग सगळ्यांना माहीत असतो. मी आधीचा भाग वाचून घेते. कम्युनिस्टांना राज्यघटना का नको आहे, समाजवाद्यांना का नको आहे, केंद्र फार प्रबळ केलं हा आक्षेप काय आहे, हे बाबासाहेब आधी नीट मांडतात आणि मग एकेकाला उत्तर देतात. मुलांना मी पेन्सिलीने पूर्वपक्षाखाली, म्हणजे समोरच्याच्या आक्षेपाखाली, एक रेघ आणि उत्तरपक्षाखाली, म्हणजे त्याला दिलेल्या उत्तराखाली, दोन रेघा मारायला लावते.

करिअरचं म्हणाल तर ‘वक्तृत्व’ असा स्वतंत्र विभाग आपल्या विद्यापीठांत शोधत बसू नका. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास होऊन मराठी, इंग्रजी, राज्यशास्त्र, पत्रकारिता यांतून यावं लागतं. विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाची (मूट कोर्टची) तयारी करून घेणाऱ्यांची गरज असते. ब्रिटिश संसदीय पद्धतीचा वाद, म्हणजे प्रत्येकी दोघांचे चार संघ आणि विषय कळल्यावर तयारीला जेमतेम पंधरा मिनिटं, तोही शिकून घ्या. पाठांतराची सवय मोडायला त्याच्याइतका चांगला सराव नाही.

कॉलेजबाहेरचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये, आणि ऐकणाऱ्यांची ती परंपरा अजून टिकून आहे. पण गावात बोलणाऱ्यांची तयारी कोण करून घेतं? 2011 पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था निवडून आलेल्या सदस्यांना कायदा आणि योजना शिकवते. उभं राहून बोलण्याचा सराव मात्र जवळच्या कॉलेजने घ्यायला हवा. तिथे शेर, सुभाषितं बाजूला ठेवा. ग्रामसभेत बोलायला कधी कधी मिनिटभरही मिळत नाही, म्हणून मागणी पहिल्या वाक्यात यायला हवी: ‘टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही सभेपुढे ठेवा.’ मग कारण, मग एक आकडा. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे घरून ठरवून यायचं. मध्येच कोणी ‘ताई, ते नंतर बघू’ म्हणालं तर काय म्हणायचं, हे दोघींना समोरासमोर उभं करून पुन्हा पुन्हा म्हणून घ्या. आणि ठराव इतिवृत्तात लिहून घेऊन तो सभेत वाचून दाखवायला सांगेपर्यंत खाली बसायचं नाही, याचाही सराव करून घ्या.