बॅकअप सर्व्हरला नेटवर्क कुठलं द्यायचं? नवीन ॲडमिन लोकांसाठी थोडा अनुभव

सिस्टिम ॲडमिनच्या कामाला नुकतेच लागला असाल तर कधी ना कधी बॅकअप सर्व्हर उभा करायचं काम अंगावर येणारच, आणि मग पहिला प्रश्न हाच पडतो की १ गिगवर (म्हणजे सेकंदाला १ गिगाबिट) भागेल का १० गिग घ्यायचं. मी हे काम बरीच वर्षं करतोय, माझं ऐकाल तर पोर्टचा स्पीड नंतर बघा, आधी विचारा की सगळं उडालं तर परत उभं करायला किती तास मिळणारेत. रोजचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या डेटाचा बॅकअप) रात्री आपला चालू असतो, दोन तास जास्त लागले तरी कोणी विचारत नाही, पण रिस्टोअरला अख्खा डेटा ओढावा लागतो आणि तेव्हा सगळं ऑफिस तुमच्या डोक्यावर उभं असतं.

हिशोब सोपा आहे. १ गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात ११० च्या आसपास पडतात. म्हणजे १ टीबीला अडीच तास, १० टीबीला एक दिवस आणि वर तासभर. हे गणित मॅनेजरला दाखवा, स्विचचं बजेट मागायला दुसरं काही बोलावं लागत नाही.

पण १० गिग घेतलं म्हणजे दहापट मिळालं असंही नाही हं. एक साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना साधारण १५० ते २५० एमबी देते, आणि लाखो बारीक फाइल्स असतील तर त्याच्या कितीतरी खाली येते कारण प्रत्येक फाइल उघडणं-बंद करणं यातच वेळ जातो. म्हणून आधी आयपर्फ३ (दोन मशिन्समधला नेटवर्क स्पीड मोजायचं टूल) चालवून नुसतं नेटवर्क मोजा, डिस्क वेगळी मोजा. १ गिगच्या लिंकवर आयपर्फ ९४० मेगाबिट दाखवतंय आणि बॅकअप ४० एमबीवर रखडलाय, तर अडचण नेटवर्कमध्ये नाही, स्विच बदलून काहीही होणार नाही. उलट आयपर्फचा आकडा ९४ मेगाबिटच्या आसपास अडकला असेल तर केबल बघा. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, एखादी नीट क्रिम्प झाली नसेल तर लिंक गुपचूप १०० वर उतरते, लाइट मात्र मस्त लुकलुकत असतो.

मधला एक पर्याय लोक विसरतात, २.५ गिग. हे स्टँडर्ड २०१६ मध्ये आलं, जुन्या कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत चालतं, भिंतीतल्या केबल उपसायच्या नाहीत. तीन-चार डिस्कच्या छोट्या सेटअपला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. १० गिग कॉपरवर घ्यायचं तर कॅट ६ फक्त ५५ मीटरपर्यंत, पुढे ६ए लागते, आणि त्याचे मोड्यूल चांगलेच तापतात. सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर सरळ एसएफपी प्लस (१० गिगचा वेगळ्या प्रकारचा पोर्ट) आणि डॅक केबल (त्यात थेट बसणारी छोटी तांब्याची केबल) घ्या, कटकट कमी.

दोन पोर्ट एलएसीपीने (अनेक पोर्ट मिळून एक लिंक करायची पद्धत) जोडले की स्पीड डबल, हा गैरसमज तर इतका पसरलाय की विचारू नका. एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं, स्विच ॲड्रेस बघून ठरवतो कुठल्या. बरेच क्लायंट एकदम बॅकअप घेत असतील तर फायदा आहे, एकाच मोठ्या सर्व्हरची एकच कॉपी चालू असेल तर नाही. एक केबल निघाली तरी काम चालू राहतं, यासाठी जरूर करा.

बॅकअपला वेगळं नेटवर्क ठेवायचं ठरवलं (ठेवाच) तर दुसऱ्या कार्डला सबनेट वेगळा द्या आणि डिफॉल्ट गेटवे एकाच कार्डवर ठेवा. इथे खरी गंमत होते, बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आपण सर्व्हरचं नाव टाकतो, डीएनएस त्या नावाला जुना आयपी देतो, आणि सगळा ट्रॅफिक जुन्याच नेटवर्कने जात राहतो. जॉब हिरवा दिसतो त्यामुळे कोणाला कळत पण नाही. त्यामुळे तिथे नव्या सबनेटचा आयपी टाका किंवा होस्ट्स फाइलमध्ये नोंद करा, आणि जॉब चालू असताना स्विचच्या पोर्टचे काउंटर एकदा डोळ्याने बघा. अजून एक, जमेल तिथे बॅकअप सर्व्हरनेच डेटा ओढावा, बाकी मशिन्सकडे त्याचा पासवर्डच नको, म्हणजे रॅन्समवेअर एखाद्या मशिनमध्ये घुसलं तरी तिथल्या पासवर्डने बॅकअप पुसता येत नाही.

जंबो फ्रेमच्या (नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पॅकेट्स) मागे सुरुवातीला लागू नका, वाटेतलं एक जरी उपकरण ९००० ला सेट नसलं तरी छोटे पिंग जातात आणि मोठ्या कॉपी लटकतात, शोधता शोधता जीव जातो.

बाहेरच्या जागी कॉपी पाठवायची असेल तर अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही. १०० मेगाबिट अपलोड पूर्ण मिळाला तरी १ टीबीला २२ तासांच्या वर जातात, म्हणून पहिला फुल बॅकअप डिस्कवर घेऊन ती डिस्कच तिकडे नेऊन ठेवा आणि लाइनवर फक्त रोजचे बदल सोडा.