दापोलीत सकाळचे साडेदहा, मग रॉटरडॅमला किती? बोटीवरच्या माणसाला फोन लावायच्या आधी करायचा हिशोब

आमच्या कोकणात बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर असतं, माझा धाकटा भाऊपण आहे. त्याची बोट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला लागली की आईला फोनची घाई होते. मागे उन्हाळ्यात तिने साडेतीन तासांचा फरक पाठ केला होता, तोच नोव्हेंबरमध्ये धरला आणि साडेदहाला फोन लावला, तिकडे सात वाजलेत असं समजून. वाजले होते सहा, आणि पोरगं रात्रीची ड्युटी करून नुकतंच आडवं झालेलं. तेव्हा फरकाचा आकडा पाठ करू नका, हिशोब शिका.

आधी दोन्हीकडचं घड्याळ यूटीसीच्या किती पुढे आहे ते बघा. यूटीसी म्हणजे सगळ्या जगाचं मापाचं घड्याळ. आपण बारा महिने साडेपाच तास पुढे, मग दापोली असो की कोलकाता. रॉटरडॅम मात्र हिवाळ्यात १ तास पुढे आणि उन्हाळ्यात २, कारण तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. २०२६ मध्ये या तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, कालनिर्णयवर आत्ताच गोल करून ठेवा. बदल होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

मग वजाबाकी. साडेपाचातून १ गेला, साडेचार, हा हिवाळ्याचा फरक. २ गेले तर साडेतीन, हा उन्हाळ्याचा. आपल्या वेळेतून तेवढे तास मागे जायचं.

मोबाईल हाताशी नसेल तर काट्याचं घड्याळ घ्या आणि उलटं धरा, म्हणजे १२ खाली, ६ वर. आकडे छापलेले बघू नका, नेहमीच्या जागेने वाचा, आणि तास काटा ज्या आकड्याच्या सगळ्यात जवळ असेल तोच तास धरा. दुपारी ३ वाजता उलटं धरलं की साडेनऊ दिसतात, तीच यूटीसी! त्यात १ किंवा २ मिळवले की रॉटरडॅम. ही युक्ती भावाने दाखवली तेव्हा आईने भिंतीवरचं घड्याळच काढून घेतलं होतं, आणि आता तिला माझ्यापेक्षा पटकन जमतं.

तारखेकडे पण लक्ष द्या, वाढदिवसाला इथेच घोळ होतो. हिवाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की आपल्याकडे रात्रीचे बारा, म्हणजे दुसरी तारीख लागली. उन्हाळ्यात हेच साडेआठला.

मोबाईलमध्ये क्लॉक उघडून वर्ल्ड क्लॉकमध्ये शहर टाका, रॉटरडॅम सापडलं नाही तर ॲमस्टरडॅम टाका, वेळ एकच आहे. उन्हाळा हिवाळा फोन स्वतः सांभाळतो.

पण हे सगळं बोट बंदरात आहे तोवरच. एकदा निघाली की बोटीवरचं घड्याळ वाटेत थोडं थोडं पुढे मागे करत नेतात, अटलांटिक ओलांडताना तर अनेक रात्री एकेक तास मागे, मग रॉटरडॅमची वेळ काही कामाची नाही. तेव्हा आम्ही मेसेज टाकतो, "बोटीवर किती वाजले आणि तुझा वॉच कधी" (वॉच म्हणजे बोटीवरची ड्युटीची पाळी), आणि त्याचं उत्तर येईपर्यंत फोन लावत नाही.